शब्दचर्चा : 'दुय्यम प्रतिपिंड' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

पेशीतल्या सूक्ष्मनलिका सूक्ष्मदर्शकाखाली कशा दाखवतात, याची कृती बीएस्सीच्या मुलांसाठी मराठीत लिहिते आहे. एक वाक्य असं झालंय : 'पेशींवर उंदराचे प्राथमिक ट्युब्युलिन-प्रतिपिंड व त्यानंतर शेळीचे दुय्यम उंदीरविरोधी प्रतिपिंड घातले.' (प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन; ट्युब्युलिन म्हणजे सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात ते प्रथिन.) शब्द सगळे परिभाषेतले आहेत, तरी वाचणाऱ्याला काही उमजत नाही. कुठे चुकतंय? आणि पेशीला आकार देणाऱ्या तंतूंच्या जाळ्याला, 'सायटोस्केलेटन'ला, 'पेशीसांगाडा' म्हणू की 'पेशीकंकाल'?

उत्तर

घोळ मुख्यतः 'उंदराचे' या षष्ठीत आहे. उंदराचं काय, प्रतिपिंड की ट्युब्युलिन? प्रयोगशाळेत हा फरक फार मोलाचा. १९७४ साली लाझारिडिस आणि वेबर यांनी स्नायूंखेरीज इतर पेशींतले ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू प्रतिपिंडांनी दाखवले, तेव्हा ॲक्टिन काढलं होतं उंदराच्या पेशींतून आणि प्रतिपिंड तयार करून घेतलं होतं सशात. त्या प्रयोगाबद्दल 'सशाचे ॲक्टिन-प्रतिपिंड' असं लिहिलं, तर निम्मे वाचक ॲक्टिनच सशाचं समजतील. म्हणून जरा लांब झालं तरी चालेल, पण 'सशात तयार केलेले, ॲक्टिनला चिकटणारे प्रतिपिंड' असंच लिहावं. कोणात तयार झालं आणि कशाला चिकटतं, या दोन्ही गोष्टी क्रियापदानं सांगितल्या की षष्ठीचा गोंधळ उरत नाही.

'उंदीरविरोधी' तर काढूनच टाका. ते प्रतिपिंड उंदराच्या विरोधात नसतं, उंदरात तयार झालेल्या प्रतिपिंडाला चिकटतं. इथे एक व्यवहारातली अडचणही आहे. पेशीही उंदराच्याच असतील आणि त्या ऊतीत उंदराची स्वतःची प्रतिपिंडं असतील, तर हे दुसरं प्रतिपिंड त्यांनाही जाऊन चिकटतं आणि नको तिथे चमक दिसते. 'उंदीरविरोधी' वाचून मुलांना हे कधीच कळणार नाही.

आता 'दुय्यम'. मराठीत दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचं : दुय्यम भूमिका, दुय्यम दर्जा. इथे तो अर्थच नाही. चमकणारा रेणू, उदाहरणार्थ फ्लुओरेसिन, याच प्रतिपिंडावर बसवलेला असतो. निळा प्रकाश टाकला की हिरवं दिसतं ते त्याच्यामुळे. शिवाय एकेका पहिल्या प्रतिपिंडाला दुसरी अनेक चिकटतात, म्हणून चमक वाढते. सरळ 'पहिले प्रतिपिंड' आणि 'दुसरे प्रतिपिंड' म्हणा. क्रमच सांगायचा आहे, तो यातून सांगितला जातो. मी शिकवताना 'पहिली अँटिबॉडी, दुसरी अँटिबॉडी' म्हणतो आणि मुलं लिहितानाही तेच लिहितात.

आणखी एक उत्तर

वरच्याशी सहमत. 'सांगाडा'बद्दल थोडं. 'कंकाल' हिंदीतून आल्यासारखा वाटतो, 'पेशीसांगाडा' कानाला आपला वाटतो. मात्र सांगाडा म्हटलं की स्थिर, हाडांसारखं काही डोळ्यांपुढे येतं. सूक्ष्मनलिका तशा नसतात. त्या सतत वाढतात, तुटतात. सस्तन प्राण्यांच्या पेशी बर्फावर ठेवल्या की बहुतेक सूक्ष्मनलिका विरघळून जातात. कृतीत 'पेशी ३७ अंशांच्या द्रावणाने धुवा' असं असतं त्याचं हेच कारण. तुमच्या टिपणात ही ओळ कारणासह टाका. ती सुटली की मुलं थंड बफर वापरतात आणि तंतूंच्या जागी नुसतं धुरकट हिरवं पाहून अँटिबॉडीला दोष देतात.

आणि पेशीसांगाड्यातल्याच 'इंटरमीडिएट फिलामेंट'साठी 'मध्यस्थ तंतू' कृपा करून लिहू नका. ते कोणाच्या मधे पडत नाहीत. नाव जाडीवरून आलंय : ॲक्टिनचे तंतू साधारण ७ नॅनोमीटर, हे १० आणि सूक्ष्मनलिका २५. 'मध्यम जाडीचे तंतू' बरोबर. व्हायमेन्टिन, केराटिन, डेस्मिन ही सगळी प्रथिनं याच घरातली.

पुन्हा प्रश्न

खूप उपयोग झाला. 'रंगवणे' ठेवू ना? 'प्रतिपिंडाने ॲक्टिन रंगवले', 'फॅलॉइडिनने ॲक्टिन रंगवले', दोन्ही चालतील?

उत्तर

'रंगवणे' ठेवा, प्रयोगशाळेत सगळे तेच बोलतात. पण ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात शेजारी आली तर फॅलॉइडिनही प्रतिपिंडच वाटेल. ते अमानिटा फॅलॉइडिस या विषारी अळंबीतलं लहानसं द्रव्य आहे, ॲक्टिनच्या तयार तंतूला थेट चिकटतं आणि चमकणारा रेणू त्याच्यावरच बसवलेला असल्यामुळे त्याला दुसऱ्या प्रतिपिंडाची गरज नसते. एक भेद कृतीतही पडतो : उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये पेशी स्थिर केल्या तर ट्युब्युलिनची प्रतिपिंडं छान चिकटतात, पण फॅलॉइडिन नीट चिकटत नाही. त्यासाठी फॉर्माल्डिहाइड घ्यावं लागतं आणि मग पेशीपटल सच्छिद्र करायला ट्रायटन हे साबणासारखं द्रव्य.

निष्कर्षाच्या ओळीत मात्र 'रंगवले'वर थांबू नका. डोळ्यांना दिसते ती दुसऱ्या प्रतिपिंडावरची चमक, प्रथिन नव्हे. प्रतिपिंड स्वतः साधारण १० नॅनोमीटरचं. नलिकेवर दोन थर बसले की २५ नॅनोमीटरची नलिका ६० च्या आसपास जाड होते, आणि साध्या सूक्ष्मदर्शकात तर २०० नॅनोमीटरच्या आतलं काही वेगळं दिसतच नाही. तेव्हा 'सूक्ष्मनलिका इतक्या जाड आहेत' असं चित्रावरून मोजून लिहिता येत नाही, 'सूक्ष्मनलिका केंद्रकाजवळून कडेकडे पसरलेल्या दिसतात' असं लिहिता येतं. त्याच्या शेजारी पहिलं प्रतिपिंड न घालता फक्त दुसरं घातलेल्या काचपट्टीचं चित्र हवं. त्या पट्टीला 'नियंत्रण' म्हणतात, पण मुलांना 'तुलनेची पट्टी' लवकर कळतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'पेशींवर आधी उंदरात तयार केलेले, ट्युब्युलिनला चिकटणारे पहिले प्रतिपिंड घातले. ते धुऊन काढल्यावर शेळीत तयार केलेले, उंदराच्या प्रतिपिंडाला चिकटणारे आणि फ्लुओरेसिन जोडलेले दुसरे प्रतिपिंड घातले.' 'धुऊन काढल्यावर'च्या जागी 'न चिकटलेले धुऊन काढल्यावर' केलंत तर अधिक बरं, नाहीतर सगळंच धुतलं असं वाटेल.