मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीत वजनदार फळी कशी बसवावी?

घर मालवणात, समुद्राजवळ. भिंत जांभ्या चिऱ्याची, वर साधारण २० मिमी गिलावा. स्वयंपाकघरात ४ फूट लांब, १० इंच रुंद, १९ मिमी मरीन प्लायची फळी लावायची आहे. डबे-बरण्या धरून वजन ४० किलोपर्यंत जाईल. ब्रॅकेट तीन, प्रत्येकी दोन स्क्रू.

अडचण चिऱ्याची आहे. ड्रिल हॅमरवर ठेवलं की लाल भुगा सांडत राहतो, भोक सैल होतं आणि प्लग (स्क्रू धरायला भोकात बसवायची गुट्टी) स्क्रूबरोबर गरगर फिरतो. म्हणून हॅमर बंद ठेवून आधी ६ मिमीच्या, मग १० मिमीच्या बिटाने भोक पाडायचं ठरवलंय. ३० मिमीचा प्लग निम्म्याहून जास्त गिलाव्यातच राहतो, त्यामुळे १० बाय ८० मिमीचा नायलॉन प्लग घेणार. अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट) मात्र नको. आवळताना तो फुगतो आणि चिऱ्याचा टवका उडतो.

आता विचारायचं ते हे. ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूवरच सगळी ओढ येते, तर निदान वरच्या तीन भोकांत जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात भरल्यावर कडक होणारा रेझिनचा गोंद) भरावा का? चिऱ्यात कोणी वापरलाय का, आणि भुगा काढायला नुसता ब्रश पुरतो की पंपाने फुंकावं लागतं?

दुसरं, खाऱ्या हवेत झिंकचे स्क्रू लवकर गंजतात, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात. त्याहून कमी गंजणाऱ्या ३१६ ग्रेडचे ६ मिमी स्क्रू कुडाळ-कणकवलीत सुटे मिळतात का?

आणि गिलाव्याखालचे चिऱ्यांचे सांधे ओळखायचे कसे? भोक सांध्यात गेलं तर सगळंच वाया.