खरा विश्वास आणि केवळ तोंडची कबुली: मंडळीने फरक कसा ओळखावा?

प्रश्न: कमिटी सभासद, नगर जिल्हा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका गृहस्थांनी पूर्ण सभासदत्वासाठी अर्ज केला आहे. उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवण्यासाठी भरवलेल्या सभेत, त्यांनी सर्वांसमोर रडून साक्ष दिली. तेव्हापासून ते एकही उपासना चुकवत नाहीत आणि प्रार्थना अशी करतात की ऐकणाऱ्याचे मन हलावे. मात्र वडिलोपार्जित जमिनीतील धाकट्या भावाचा हिस्सा त्यांनी फसवून आपल्या नावावर करून घेतला, असे गावात उघड बोलले जाते, आणि त्याविषयी त्यांच्या साक्षीत एक शब्दही नव्हता. कमिटीतील काही जण म्हणतात की अंतःकरण पाहणारा देव आहे, आपण न्याय करू नये. इतरांना वाटते की असा प्रवेश दिल्यास प्रभुभोजनाचाच (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) अवमान होईल. मंडळीने काय करावे?

उत्तर: निवृत्त पाळक

येथे दोन प्रश्न एकत्र आले आहेत. या मनुष्याचे तारण (पापापासून सुटका) झाले आहे काय, हे ठरवणे कोणत्याही कमिटीच्या हाती नाही. त्याची कबुली विश्वास ठेवण्याजोगी आहे काय, हे मात्र मंडळीला पाहावेच लागते, कारण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन तिच्याकडे सोपवलेले आहेत. ‘न्याय करू नका’ हे वचन ज्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात झाड फळांवरून ओळखण्याची आज्ञाही आहे. शिवाय तेथे प्रभू ज्यांना दूर करतो ते सामान्य ढोंगी नव्हेत. त्यांनी त्याच्या नावाने संदेश दिले होते आणि भुते काढली होती. तेव्हा वक्तृत्व, कृपादाने आणि सेवेतील यश हे खऱ्या विश्वासाचे पुरावे होऊ शकत नाहीत.

गव्हात उगवलेल्या निदणाचा (तणाचा) प्रभूचा दाखला देऊन ‘कापणीपर्यंत थांबा’ असे पुष्कळदा सांगितले जाते. पण त्या दाखल्याचा अर्थ सांगताना प्रभूने शेत म्हणजे जग असे म्हटले आहे, मंडळी असे नव्हे. करिंथच्या मंडळीला उघड पापाबाबत पौलाने थांबायला सांगितले नव्हते. आपल्या प्रकरणात मला प्रभूला भेटलेला श्रीमंत जकातदार जक्कय आठवतो. त्याच्या अश्रूंविषयी लूक काहीच लिहीत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत, एवढेच लिहितो. भावाच्या जमिनीचा प्रश्न विचारल्यावाचून या अर्जाचा विचार पूर्ण होऊ शकत नाही.

उत्तर: मंडळीच्या इतिहासाचा अभ्यासक

पाळकसाहेबांच्या मुद्द्याला इतिहासाची जोड देतो. अमेरिकेत १७४० नंतर मोठे उज्जीवन झाले, तेव्हा नॉर्थॅम्प्टनचे पाळक जोनाथन एडवर्ड्स यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की भावनांची तीव्रता, शरीराचे थरथरणे, धार्मिक विषयांवर अस्खलित बोलणे किंवा तारणाची पक्की खात्री वाटणे, यांपैकी कशावरूनही विश्वास खरा की खोटा हे ठरत नाही. दीर्घकाळ टिकणारे आज्ञापालन हे त्यांच्या मते सर्वांत मोठे चिन्ह होते. तरीही दुसऱ्याच्या बाबतीत निश्चित निर्णय देता येईल अशी चिन्हे आपण देत नसल्याचे त्यांनी तेथेच स्पष्ट केले. एवढ्या काटेकोर माणसाने हा संयम पाळला, याचे मला फार मोल वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तेलुगू प्रदेशातील ओंगोल येथे बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेऊन उपाशी लोकांना काम दिले. मदतीच्या आशेने कोणी ख्रिस्ती होऊ नये, म्हणून मदत चालू असेपर्यंत त्यांनी बाप्तिस्मा देणे थांबवले. मदत संपल्यावरही लोक येतच राहिले, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांपैकी प्रत्येकाचा विश्वास खरा होता असे यावरून सिद्ध होत नाही. पण लाभाचे कारण दूर करून वाट पाहणे ही माणसाच्या हाती असलेली प्रामाणिक कसोटी आहे, आणि ती त्यांनी लावली.

उत्तर: एक भगिनी, पुणे

एक सावधगिरीची सूचना करते. अपुरा विश्वास आणि खोटा विश्वास यांची गल्लत होऊ नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. ते नंतर काही वर्षांनी घडले. त्यांचा बाप्तिस्मा लबाडीचा होता असे कोण म्हणेल? आजारी मुलाचा बाप ‘मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा’ असे म्हणाला, तेव्हा प्रभूने त्याला परत पाठवले नाही. कठोर परीक्षेने ढोंगी सहसा विचलित होत नाही. हळव्या सदसद्विवेकाचा माणूस मात्र कोलमडतो. पौलाने करिंथकरांना स्वतःचीच परीक्षा करण्यास सांगितले आहे, आणि आधी स्वतःची परीक्षा हा क्रम कमिटीनेही पाळावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आम्ही जमिनीचा विषय हळूच काढला, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. मग कर्मांचा हिशेब का मागता?

उत्तर: निवृत्त पाळक

त्यांचे वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठवे आणि नववे वचन हेच सांगते. दहावे वचन मात्र सांगते की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो आहोत. याकोब तर म्हणतो की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात. जमीन परत करून त्यांना तारण विकत घ्यायचे नाही. मात्र क्षमा मिळालेल्या माणसाला भावाचा हिस्सा दाबून ठेवताना काहीच वाटत नसेल, तर त्याची चिंता आपण केलीच पाहिजे.

तरीही गावातील बोलणे हा पुरावा नव्हे. मत्तय १८ प्रमाणे आधी कोणी एकाने त्यांना एकांतात भेटावे. नंतर दोघा-तिघांनी जावे, भावाचेही म्हणणे ऐकावे आणि सातबारा व फेरफार पाहावेत. आरोप खोटा निघाल्यास त्यांचे नाव मंडळीसमोर निर्दोष ठरवणे हेही तुमचेच कर्तव्य आहे. तोपर्यंत अर्ज नाकारू नका, केवळ पुढे ढकला. त्यांना उपासनेत आपलेपणाने बसवा, आणि विलंबाचे कारण त्यांना स्वतः भेटून स्पष्ट सांगा.