इस्रायल-पॅलेस्टाईन: तोडग्याचा आराखडा आहे, मग गाडं नेमकं कुठे अडतं?

जुळेसोलापूर

रविवारी आमच्या अभ्यासिकेत गटचर्चा आहे, विषय ‘इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये शांतता शक्य आहे का’. मुलं मोबाईलवर बघितलेली दोन टोकांची मतं घेऊन येतात आणि पंधरा मिनिटांत गाडी आपल्याकडच्या राजकारणावर घसरते. ते टाळायचंय.

म्हणून बाल्फोरपासूनचा, म्हणजे १९१७ पासूनचा, इतिहास नको. तडजोडीचे भाग कोणते, आकडे काय, कोणत्या टप्प्यावर काय मोडलं आणि का, आणि २०२५ च्या गाझा आराखड्यानं त्यात काही बदललं का, एवढं जाणकारांनी सांगावं. भारताची भूमिका एक-दोन ओळीत चालेल.

विजापूरवेस

नवा तोडगा शोधायची गरजच नाही. २३ डिसेंबर २००० ला अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी दोन्ही बाजूंना निकष वाचून दाखवले, तोच साचा आजही चालतो. वेस्ट बँकेचा (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, इस्रायलनं १९६७ मध्ये घेतलेला पॅलेस्टिनी भाग) ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाईनला, आणि जी जमीन इस्रायल ठेवून घेणार तिच्या बदल्यात इस्रायलच्या हद्दीतली १ ते ३ टक्के. जेरुसलेममध्ये अरब मोहल्ले पॅलेस्टाईनचे, ज्यू मोहल्ले इस्रायलचे. निर्वासितांपुढे पाच पर्याय, मात्र खुद्द इस्रायलमध्ये किती जणांना घ्यायचं ते इस्रायलच ठरवणार. इस्रायली सैन्य ३६ महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बाहेर, जॉर्डन खोऱ्यातल्या ठरावीक ठाण्यांवर आणखी ३६ महिने, आणि सोबत आंतरराष्ट्रीय फौज.

दोघांचंही उत्तर ‘हो, पण’ असं आलं. तोवर दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटून तीन महिने होत आले होते. २० जानेवारी २००१ ला क्लिंटन पायउतार झाले, ६ फेब्रुवारीला इस्रायलमध्ये शेरॉन पंतप्रधान म्हणून निवडून आले. विषय संपला.

२००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास त्याहून जवळ आले होते. ओल्मर्ट यांना वेस्ट बँकेतले सुमारे ६.३ टक्के हवे होते, बदल्यात ५.८ देणार होते. अब्बास १.९ टक्क्यांच्या अदलाबदलीवर होते. वेस्ट बँक साधारण ५,६५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दोन पंचमांशालाही थोडी कमीच. दोघांमधला फरक अडीचशे चौरस किलोमीटरचा. कागदावर हे काहीच नाही. पण ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकून राजीनाम्याच्या वाटेवर होते, आणि अब्बास यांच्या हातात गाझा नव्हता, तो हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेकडे होता. सही करणाऱ्याची सही दुसऱ्या दिवशी चालेल याची खात्री दोघांनाही नव्हती.

माझ्या मते गाडं अडतं ते क्रमावर. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या १९९३ च्या ओस्लो कराराची बांधणी बघा: पाच वर्षांचा अंतरिम काळ, आणि जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा, सुरक्षा हे सगळे अवघड विषय शेवटी. शेवटी काय होणार हे करारात लिहिलेलंच नाही. स्वतंत्र पॅलेस्टाईन राष्ट्र हे शब्दही त्यात नाहीत. मुक्कामच ठरलेला नसला की मधल्या काळात प्रत्येकजण आपलं पारडं जड करायला बघतो. वेस्ट बँकेत (पूर्व जेरुसलेम वगळून) १९९३ मध्ये लाख-सव्वा लाख वसाहतवाले (तिथे येऊन राहिलेले इस्रायली) होते, २००० पर्यंत ते दोन लाखांच्या घरात गेले. दुसरीकडे हमासनं १९९४ ते १९९६ मध्ये बसगाड्यांत स्फोट घडवले. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू अतिरेक्यानं २९ जणांना मारलं, आणि ४ नोव्हेंबर १९९५ ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून ज्यू माणसानंच केला. अंतरिम काळ जितका लांब, तितकी मोडणाऱ्याला संधी जास्त.

शिवाय करार मोडला की निवाडा कोण करणार? कोणीच नाही. आपल्या सीमाभागात १९६७ च्या महाजन अहवालावरून वाद अजून धुमसतोय, पण निदान दाद मागायला सर्वोच्च न्यायालय आहे. तिथे तेही नाही.

होटगीरोड

क्रमाचं पटलं, पण वरच्या मांडणीत इस्रायली मतदार दिसत नाही. तो २००५ वरून बोलतो. शेरॉन यांनी गाझातल्या २१ आणि उत्तर वेस्ट बँकेतल्या ४ वसाहती उठवल्या, गाझातून आठ हजारांच्या आसपास लोक हलवले, सैन्य बाहेर काढलं. जानेवारी २००६ च्या निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा, जून २००७ मध्ये बंदुकीच्या जोरावर गाझा पूर्ण ताब्यात, मग रॉकेट, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १,२०० मृत, २५१ ओलीस. ‘जमीन दिली, काय मिळालं?’ असं तिथला सामान्य माणूस विचारतो, तो अगदीच वेडा नाही. नेतान्याजवळ १९६७ पूर्वीच्या हद्दीतला इस्रायल जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद आहे, आणि बेन गुरियन विमानतळ हिरव्या रेषेपासून (१९६७ पूर्वीची हद्द) दहा किलोमीटरच्या आत. डोंगर वेस्ट बँकेत, सपाटी इस्रायलमध्ये.

मात्र २००५ मध्ये काय चुकलं ते नीट पाहायला हवं. जमीन सोडली हे चुकलं नाही, कराराशिवाय सोडली हे चुकलं. अब्बास यांच्याशी वाटाघाटी करून दिली असती तर श्रेय त्यांना मिळालं असतं. एकतर्फी निघून गेल्यामुळे ‘आमच्या बंदुकांनी पळवलं’ असं म्हणायला हमास मोकळी झाली. आणि गाझाच्या हवाई व सागरी हद्दीवर आणि बहुतेक नाक्यांवर नियंत्रण इस्रायलकडेच राहिलं, म्हणजे पॅलेस्टिनींच्या दृष्टीनं ताबा संपलाच नाही.

याच्या उलट सिनाई. मार्च १९७९ चा इजिप्तशी तह, एप्रिल १९८२ ला शेवटची माघार. पूर्ण सिनाई परत मिळणार हे पहिल्या दिवशी लिहिलेलं, तारखा लिहिलेल्या, द्वीपकल्पाचे पट्टे पाडून कुठल्या पट्ट्यात किती सैन्य ते ठरलेलं, पाहणीसाठी बहुराष्ट्रीय पथक, आणि दोन्ही देशांना अमेरिकेची मदत. १९८१ मध्ये सादात यांचा खून झाला तरी तह टिकला. तुमच्या मुलांना मी २००५ आणि १९७९ हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायला देईन, बाकी भाषणं बाजूला.

आणि एक अडथळा कायद्याचा. २०१४ च्या मूलभूत कायद्याप्रमाणे इस्रायल जी आपली सार्वभौम भूमी मानतो, त्यात पूर्व जेरुसलेम आलं, ती सोडायची तर १२० पैकी ८० खासदार किंवा सार्वमत लागतं. जुलै २०२४ मध्ये नेसेटनं (इस्रायली संसदेनं) पॅलेस्टाईन राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ असा ठराव केला.

भीमाकाठ

पाण्यावर कोणी बोललं नाही, आणि सोलापूरकरांना तो भाग सगळ्यात लवकर कळेल. तिकडचे आकडे दशलक्ष घनमीटरमध्ये असतात, २८.३ नं भागलं की टीएमसी (अब्ज घनफूट).

वेस्ट बँकेच्या डोंगराखाली भूजलाचे तीन साठे आहेत: पश्चिम, ईशान्य, पूर्व. १९९५ च्या ओस्लो-२ करारात त्यांची वार्षिक क्षमता धरली ३६२, १४५ आणि १७२. बेरीज ६७९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २४ टीएमसी. उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्मंही नाही! त्यातले ४८३ (१७ टीएमसी) इस्रायलचा वापर, ११८ (सव्वाचार टीएमसीच्या आत) पॅलेस्टिनींचा, उरलेले ७८ पूर्व साठ्यातून नव्यानं काढायचे. अंतरिम काळात पॅलेस्टिनींना तातडीनं जे जादा पाणी द्यायचं ठरलं ते २८.६, म्हणजे बरोबर एक टीएमसी.

घोळ कसा झाला? पाऊस पडतो डोंगरावर, वेस्ट बँकेत. पश्चिम साठ्याचं पाणी उतरतं ते इस्रायलच्या सपाटीवर, तिथे विहिरी उथळ आणि स्वस्त. पॅलेस्टिनींच्या वाट्याला आलेला पूर्व साठा खोल, बोअर महाग, आणि अपेक्षेइतकं पाणी लागलंच नाही. बोअर घ्यायला संयुक्त जल समितीची मंजुरी. तिथे निर्णय एकमतानं, म्हणजे प्रत्येकाकडे नकाराधिकार. पण समितीचा अधिकार फक्त वेस्ट बँकेपुरता, इस्रायलच्या हद्दीतल्या उपशाला तो लागू नाही. ‘क’ क्षेत्रातून (वेस्ट बँकेचा इस्रायलच्या ताब्यातला भाग) पाईपलाईन जात असेल तर वर इस्रायली प्रशासनाचा दुसरा परवाना. नव्या वसाहतींच्या जलयोजनांना संमती द्यावी लागू नये म्हणून पॅलेस्टिनी सदस्य २०१० च्या सुमारास बसेनासे झाले, ते २०१७ पर्यंत. तेवढी वर्षं त्यांच्या स्वतःच्या योजनाही लटकल्या.

चांगली बाजू अशी की २००५ मध्ये अश्केलोनचा प्रकल्प सुरू झाल्यापासून इस्रायल समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणावर गोडं करतो. पाणी आता वाटून संपणारी वस्तू राहिलेली नाही, पैसे आणि वीज दिली की वाढतं. गाझात मात्र युद्धाच्या आधीच किनारी भूजलाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग पिण्यालायक नव्हता. उपसा जास्त झाला की समुद्राचं पाणी आत घुसतं, आणि वर मैलापाणी झिरपतं.

जुळेसोलापूर

टीएमसीमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, हे फळ्यावर लिहिणार. मग सुरुवात पाण्यापासूनच करावी का? सोपं आधी, अवघड नंतर.

आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे अब्बास यांच्या कारभाराकडे, पैसा येतो कुठून?

विजापूरवेस

‘सोपं आधी’ हीच तर ओस्लोची पद्धत होती दादा. पाणी वेगळं सोडवता येत नाही, कारण पाईप ‘क’ क्षेत्रातूनच जातो. वेस्ट बँकेचे तीन भाग: ‘अ’ सुमारे १८ टक्के, नागरी कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी, ‘ब’ २२ टक्के, कारभार पॅलेस्टिनी पण सुरक्षा इस्रायलच्या हाती, ‘क’ ६० टक्के, जवळपास सगळंच इस्रायलकडे. ‘अ’ आणि ‘ब’ मिळून दीडशेहून जास्त तुटक बेटं, भोवती ‘क’. मूळ करारात ‘क’ मधला बराचसा भाग टप्प्याटप्प्यानं सोपवायचा होता, ते राहूनच गेलं.

पैशाचंही तसंच. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टाईनकडे जाणाऱ्या मालावरची जकात आणि कर इस्रायल वसूल करतो, ३ टक्के शुल्क कापून दरमहा देतो. प्राधिकरणाच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग हाच. कैद्यांच्या आणि हल्लेखोरांच्या कुटुंबांना भत्ता देता म्हणून इस्रायलनं २०१९ पासून कापाकापी सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अब्बास यांनी ती पद्धत रद्द करून गरजेनुसार मदतीचा आदेश काढला, तरी २०२५ मध्ये महिनोन्‌महिने पैसे अडले. पोलीस आणि शिक्षकांना अर्धवट पगार. आणि याच पोलिसांनी उद्या हमासला आवरावं अशी सगळ्यांची अपेक्षा!

वसाहतींचं राहिलं. आज वेस्ट बँकेत सुमारे पाच लाख, पूर्व जेरुसलेममध्ये दोन लाखांवर. अदलाबदलीत त्यातले बहुतेक हिरव्या रेषेलगतच्या गठ्ठ्यांत सामावतात, तरी लाखाहून अधिक उठवावे लागतील. २००५ मध्ये आठ हजारांना उठवताना देश हलला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ई-१’ भागात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. जागा जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण ती पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमिम ही वसाहत यांच्या मधोमध, रामल्ला ते बेथलेहेम जोडणाऱ्या पट्ट्यावर. टक्केवारीत ती दिसतसुद्धा नाही. म्हणून मुलांना टक्के सांगताना नकाशा उघडाच.

पार्कचौक

२०२५ बद्दल. २९ सप्टेंबरला ट्रम्प यांचा २० कलमी आराखडा, १० ऑक्टोबरपासून युद्धविराम, १३ तारखेला हयात असलेले २० ओलीस सुटले, बदल्यात जवळपास दोन हजार पॅलेस्टिनी कैदी. इस्रायली सैन्य आराखड्यात ठरलेल्या ‘पिवळ्या रेषे’मागे गेलं, पण त्या रेषेमागे गाझाचा निम्म्याहून जास्त भाग येतो. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेचा ठराव २८०३: बाजूनं १३, रशिया आणि चीन तटस्थ. त्यानं गाझाच्या कारभारावर देखरेख करणारं शांतता मंडळ आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजेला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत दिली.

ओलिसांची अदलाबदल जमली कारण ती मोजता येत होती: इतके द्या, इतके घ्या, ७२ तास. पुढचं तसं नाही. सैन्याची माघार निःशस्त्रीकरणावर अवलंबून ठेवली आहे आणि हमास म्हणते ताबा असेपर्यंत शस्त्र सोडणार नाही. फौज पाठवणाऱ्या देशांना हमासशी लढायचं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये करार १९९८ चा, आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रं निकामी झाल्याची तटस्थ आयोगाची खात्री २००५ ची. सात वर्षं. तीही राजकीय वाट स्पष्ट असताना. इथे राष्ट्राची वाट एकोणिसाव्या कलमात आहे, तीही ‘पुनर्बांधणी पुढे सरकली आणि प्राधिकरणानं सुधारणा केल्या तर कदाचित परिस्थिती तयार होईल’ अशा भाषेत. ओस्लोत मुक्काम लिहिला नव्हता, इथे ‘कदाचित’ घालून लिहिलाय. सुधारणा पुऱ्या झाल्या हे ठरवणार कोण, ते मोघम आहे.

सुधारणा म्हणजे काय हेही विचारा. अध्यक्षपदाची शेवटची निवडणूक जानेवारी २००५ ची. मे २०२१ ची संसदेची निवडणूक अब्बास यांनी पुढे ढकलली ती ढकललीच. गाझात आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार साठ हजारांहून अधिक मृत्यू झाल्यावर त्या लोकांच्या वतीनं सही कोण करणार, हा प्रश्न निवडणुकीशिवाय सुटत नाही, आणि निवडणुकीत हमासला उतरू द्यायचं का यावर कोणाचंच एकमत नाही.

भारत: १९४७ च्या फाळणी ठरावाविरुद्ध मत, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, सप्टेंबर २०२५ मध्ये आमसभेत दोन राष्ट्रांच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूनं मत (१४२ विरुद्ध १०). दोन्हीकडे पाय ठेवून, पण कागदावर दोन राष्ट्रंच.

होटगीरोड

एक भर. अरब देशांचा २००२ चा बैरुत प्रस्ताव मुलांना जरूर द्या: १९६७ च्या रेषेपर्यंत माघार, त्या बदल्यात सगळ्या अरब राष्ट्रांकडून मान्यता. २०२० मध्ये अमिराती आणि बहारीननं माघारीची वाट न बघताच मान्यता देऊन टाकली, त्यामुळे पॅलेस्टिनींच्या हातातला पत्ता हलका झाला. सौदी अजून ‘आधी राष्ट्राची खात्रीलायक वाट’ म्हणतो. इस्रायली मतदाराला जमिनीच्या बदल्यात दाखवता येईल असं मोठं बक्षीस आता तेवढं एकच उरलंय. गटचर्चेत एक गट रियाधच्या बाजूनं बसवा.