मदत हवी आहे: मुलासाठी सौम्य पाचक एन्झाइम कोणतं?

नीलमोहोर
माझा मुलगा स्पेशल आहे. दोन महिन्यांपासून पोट सतत फुगलेलं असतं. संध्याकाळी टिचकी मारली तर ढोलासारखं वाजतं. रात्री दोन-तीनदा उठतो, गुडघे पोटाशी घेतो, मग उशी पोटाखाली घेऊन पालथा पडून कण्हत राहतो. बोलता येत नाही, त्यामुळे काय होतंय ते कळायला मार्ग नाही. एन्झाइम सुरू करायचं ठरवलंय. लहान मुलांना चालेल असं सौम्य कुठलं? सिरप बरं की कॅप्सूल फोडून वरणात घालू? कृपया "डॉक्टरांना विचारा" नको. दोनदा जाऊन आले, गॅसचे थेंब देऊन पाठवलं. उद्या औषध आणायचंच आहे, नावं सांगा.

जास्वंद
ताई, वय किती? वजन? स्पेशल म्हणजे ऑटिझम, सीपी (सेरेब्रल पाल्सी) की आणखी काही? शी कशी होते? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

परसदार
एन्झाइमच्या भानगडीत पडू नका. हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावा, ओव्याचा शेक द्या, रात्री बाळहिरडा उगाळून चाटवा. आमच्या घरात तीन पिढ्या यावरच वाढल्या.

नीलमोहोर
डाऊन सिंड्रोम. साडेसहा वर्षं, १६ किलो. शी पातळच. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडी थोडी, चड्डीलाही लागते. शाळेतून रोज पिशवीत कपडे परत येतात. म्हणूनच म्हणतेय की पचत नाहीये. हिंग लावून झालंय.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत असते. भाच्याला ऑटिझम आहे. गहू आणि दूध पूर्ण बंद केलं, सोबत डीपीपी-फोर (गहू-दुधातली प्रथिनं तोडतं म्हणतात ते) असलेलं एन्झाइम दिलं, महिन्याभरात मूल शांत झोपू लागलं. तुम्ही आजपासूनच पोळी बंद करा. डिसेंबरात येतेय, बाटली आणू शकते.

गोळ्यांचं_कपाट
२२ वर्षं औषधाच्या काउंटरवर उभा आहे, म्हणून लिहितो. आपल्याकडे पचनाचं सिरप म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असतं. एक स्टार्चवर काम करतं, दुसरं प्रथिनांवर. पोट का फुगलंय याचं उत्तर त्यात नसतं. पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात आणि स्वादुपिंड कमी काम करत असेल तरच देतात. त्यासाठी शीमधलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासतात. त्यातले दाणे चुरडायचे नसतात. आवरण फुटलं तर तोंड सोलवटतं आणि औषधही पोटातल्या आम्लात वाया जातं. गरम वरणात तर नकोच.

आणि दूरदेशी, पोळी आजच बंद करा हा सल्ला कृपया मागे घ्या. डाऊन सिंड्रोमच्या मुलांमध्ये सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार, जास्त आढळतो. त्याची टीटीजी रक्ततपासणी व्हायच्या आधी गहू सोडला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

दूरदेशी
मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय. आईला काही कळतच नाही असं धरून चालणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

गोळ्यांचं_कपाट
आईला कळतं म्हणूनच सांगतोय. गहू सोडायचा तर तपासणी झाल्यावर सोडा, एवढंच.

परसदार
पूर्वी कुठे होत्या या तपासण्या?

सावली_हवी
थोडं वेगळं. निरामय योजनेचा विमा काढलात का? नॅशनल ट्रस्टचा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, ओपीडीचा खर्चही त्यात येतो. दिव्यांग प्रमाणपत्र लागेल. आम्हाला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून लिहिते.

मनीची_आई
नीलमोहोर, तुमचं "थोडी थोडी, चड्डीला लागते" वाचून थांबले. माझ्या मुलीला सीपी आहे. आम्हीही आठ महिने जुलाब समजून साबुदाण्याची पेज देत होतो. प्रत्यक्षात आत दगडासारखा मळ साठला होता आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत होतं. म्हणजे बद्धकोष्ठच! डाऊन्समध्ये स्नायू मुळातच सैल, त्यात थायरॉइड कमी असेल तर आणखी भर. शेवटची थायरॉइड तपासणी कधी झाली? दूध किती पितो? दुसरी औषधं कोणती चालू आहेत?

नीलमोहोर
थायरॉइड दोन वर्षांपूर्वी. औषध काही नाही, फक्त लोहाचं सिरप. हिमोग्लोबिन ९.१ आलं म्हणून तीन महिन्यांपासून देतेय. दूध लिटरभर तरी होतं. चावायचा कंटाळा करतो, मग निदान पोटात काहीतरी जावं म्हणून देते.

मनीची_आई
अहो, हे आधी लिहायला हवं होतं! पोट दुखायला लागून दोन महिने, सिरप तीन महिने?

नीलमोहोर
...हो. मी ते टॉनिक म्हणून धरलं होतं, औषधात मोजलंच नाही.

गोळ्यांचं_कपाट
लोहाने काहींना बद्धकोष्ठ होतं. एवढ्या दुधाने भूक मरते, लोह कमी पडतं आणि शीही घट्ट होऊ शकते. पण सिरप स्वतःहून थांबवू नका. हिमोग्लोबिन का उतरलं ते बघायला हवं, त्यात सीलिॲकही बसतो. पोटाच्या बालरोगतज्ज्ञांना गाठा. पाच दिवसांच्या शीचे फोटो आणि वेळा लिहून न्या. तोंडी सांगितलेलं घाईत राहून जातं.

जास्वंद
फोटोंना +१. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांसाठीचं सरकारी तपासणी-उपचार केंद्र) असेल तर तिथेही दाखवता येतं, १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत.

नीलमोहोर (नऊ दिवसांनी)
जाऊन आलो. डॉक्टरांनी डाव्या बाजूला बोटं दाबली, मग माझा हात धरून तिथे ठेवला. लिंबाएवढी टणक गाठ लागली. रोज आंघोळ घालते, पण तिथे कधी दाबून पाहिलं नव्हतं. शी मऊ करणारी पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर दिलीय, काही महिने द्यावी लागेल म्हणाले. लोहाचा डोस बदलला, दूध दोन कपांवर. टीटीजी आणि थायरॉइडचं रक्त दिलंय, गहू चालू. एन्झाइमची आत्ता गरज नाही म्हणाले. चौथ्या दिवशी इतकं बाहेर पडलं की तो घाबरून मला बिलगला. त्या रात्री पहाटे पाचपर्यंत झोपला.

आता प्रश्न असा की पावडरचं पाणी दोन घोट पितो आणि ग्लास ढकलतो. कशात मिसळू?

परसदार
कोकमाच्या सरबतात घाला.

मनीची_आई
कशात चालेल ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आम्ही मूगडाळीच्या कोमट पाण्यात, नेहमीच्याच स्टीलच्या वाटीतून द्यायचो. ग्लास दिसला की तीही तोंड फिरवायची. आणि कमोडवर बसवताना पायाखाली पाट ठेवा, गुडघे वर यायला हवेत. जेवणानंतर दहा मिनिटं, रोज त्याच वेळी. रिपोर्ट आले की लिहा.