झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे परत मारून घ्यायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वाशीला आमच्या सोसायटीसमोर शाळेजवळचं झेब्रा क्रॉसिंग जवळपास गेलंच आहे, गाड्या वळतात तिथे नुसतं डांबर उरलंय, कडेला मात्र पट्टे अजून जाड आहेत. पट्ट्यांसाठी गरम करून ओततात त्या थर्मोप्लास्टिक रंगावर काचेचे बारीक मणी टाकलेले असतात, हेडलाइट पडला की तेच चमकतात, पण टायर आणि रेतीने घासून आधी तेच निघतात, म्हणून दिवसा पट्टा दिसतो नि रात्री गायब. परवा पावसात एक आजी नातवाचा हात धरून मधेच अडकल्या, रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचल्या. तक्रार दोनदा दिली, काहीच नाही. तुमच्या एरियात कोणी करून घेतलंय का, अर्जात काय लिहिलंत, रात्रीचे फोटो जोडले होते का? ओल्या रस्त्यावर तो रंग धरत नाही, त्यामुळे पाऊस उघडला की लगेच मागे लागायचंय.