लॅपटॉपची स्क्रीन जुन्या डेस्कटॉपला लावायची आहे

दारव्ह्याचा_शेतकरी
रामराम मंडळी. पोरीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, पण १५.६ इंची स्क्रीन ठणठणीत आहे. घरच्या डेस्कटॉपचा मॉनिटर बंद पडलाय, अन् सीपीयूला मागं फक्त व्हीजीए (मॉनिटरचं जुन्या पद्धतीचं पोर्ट) आहे. पोरगी सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसतेय, मराठी ३० ला (मिनिटाला ३० शब्द). क्लासला एसटीनं जाते, तिथं मशीनवर जेमतेम तासभर मिळतो. घरी हात बसायला पायजे. लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये केबल खुपसली तर स्क्रीन चालेल का?

वरुड_रिपेअरिंग
नाही भाऊ. तो पोर्ट चित्र बाहेर देतो, आत घेत नाही. पॅनल, म्हणजे आतली स्क्रीन, खोलून काढा अन् त्याला कंट्रोलर बोर्ड लावा. बोर्ड व्हीजीएचा सिग्नल घेऊन पॅनलला समजेल असा करून देतो.

पण नुसतं १५.६ इंच सांगून बोर्ड मागवू नका, पैसे वाया जातील. पॅनलच्या पाठीवर स्टिकर असतं, त्यावरचा पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिहून घ्या. एकाच मापाच्या पॅनलात सिग्नल घ्यायच्या पद्धतीनं एलव्हीडीएस अन् ईडीपी असे दोन प्रकार येतात, दोघांचे बोर्ड वेगळे. पॅनल बरंच जुनं असेल तर आत एलईडीऐवजी बारीक ट्यूब असते. तिला पेटवायला छोटा इन्व्हर्टर बोर्ड (घरचा बॅटरीवाला नव्हे) लागतो अन् त्याचं व्होल्टेज शेकड्यात असतं, चालू असताना हात लावू नका.

मेळघाट_सोलर
अमरावतीत जुना मॉनिटर जवळपास या बोर्डाच्या किमतीतच मिळेल, ते एकदा बघा. पण आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मला हाच जुगाड पटतो. हे बोर्ड बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, म्हणजे लाइट गेली तरी बॅटरीवर चालवता येतात. फक्त बॅटरीला थेट जोडू नका, चार्ज होताना ती १४ च्या वर जाते. मधात व्होल्टेज १२ वरच धरून ठेवणारा रेग्युलेटर टाका.

दारव्ह्याचा_शेतकरी
स्टिकर सापडलं: एलपी१५६डब्ल्यूएच३, पुढं टीएलएस१. कनेक्टरला ४० पिना आहेत.

वरुड_रिपेअरिंग
मस्त! म्हणजे एलव्हीडीएस, एलईडी, १३६६ बाय ७६८ पिक्सेल. याच नंबरापुढं टीपीएस१ असतं तर ३० पिनांचं ईडीपी निघालं असतं, म्हणून शेवटची अक्षरं मागितली.

दुकानदाराला हा पूर्ण नंबर पाठवा अन् १३६६ बाय ७६८ चा प्रोग्राम भरलेला बोर्ड मागा. सोबत बॅकलाइटच्या (स्क्रीनमागच्या उजेडाच्या) तारांसकट पॅनलची केबल अन् बटणांची पट्टी घ्या. लॅपटॉपची जुनी केबल या बोर्डाला बसत नाही. बोर्डावर पॅनल व्होल्टेजचा जंपर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी, असतो. तो ३.३ वर आहे ना, हे पॅनल जोडायच्या आधी पाहा. ५ किंवा १२ वर राहिला तर पॅनल जळेल. कनेक्टर काढताना वर उचकटू नका, चिकटपट्टी सोडून सरळ मागं सरकवा.

पॅनल लॅपटॉपच्या झाकणातच राहू द्या, काच सांभाळली जाते. बोर्ड मागं प्लायवर स्क्रूनं बसवा, पण डब्यात बंद करू नका. मे महिन्यातली आपली गरमी त्याला सोसणार नाही. बोर्ड आला की जोडायच्या आधी जंपरचा फोटो इथं टाका, मी पाहून सांगतो.