दोन एचपी रंधा मशीन सिंगल फेजवर: तार, एमसीबी, स्टार्टर

प्रश्न (लाकूडकाम):
रंधा मशीनची नेमप्लेट: १.५ किलोवॅट, २३० व्होल्ट, ११ अँपिअर, कपॅसिटर स्टार्ट. मीटरपासून शेड २५ मीटर. सध्या १.५ स्क्वेअर एमएमच्या एक्स्टेन्शनवर चालवतो. सुरू करताना चार-पाच सेकंद घुमते, दिवे मंद होतात, कधी १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो. लाइट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होते, ही मोठी धास्ती आहे. काय काय बदलू?

उत्तर (वायरमन):
आधी एक्स्टेन्शन काढा. सुरू होताना मोटर साधारण ६० अँपिअर ओढते. तेवढ्या तारेत जाऊन-येऊन ०.६ ओहम रोध, म्हणजे ३६ व्होल्ट वाटेतच गेले. टॉर्क (फिरवण्याची ताकद) व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, तो सत्तर टक्क्यांवर येतो. मोटर वेग पकडायला वेळ लावते, तेवढ्यात एमसीबी तापून पडतो. एमसीबी मोठा टाकून हे सुटणार नाही, उलट तार जळेल.

४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार पाइपातून ओढा, अर्थिंगची हिरवी तारही तेवढ्याच जाडीची. हाच हिशेब केला तर ड्रॉप (तारेत वाया जाणारे व्होल्टेज) १४ व्होल्टच्या आसपास येतो. बोर्डात डबल पोल २० अँपिअर सी-कर्व्ह (मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा) एमसीबी आणि त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की तोडणारा स्विच). आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, म्हणून दोन्ही हवेत. मशीनपाशी न्यूट्रल आणि अर्थिंग जोडू नका. आरसीसीबी पडत राहील.

नवी तार टाकूनही घुमत राहिली तर स्टार्ट कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्ट कपॅसिटर तोडणारा) तपासा. कपॅसिटरला हात लावण्याआधी सप्लाय तोडून रेझिस्टरने डिस्चार्ज करा.

उत्तर (पॅनेलवाला):
आपोआप सुरू होण्यावर इलाज डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर जोडणारा, बटणांचा). लाइट गेली की त्यातला कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) सुटतो, हिरवं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. घेताना २३० व्होल्टची कॉइल मागा. ४१५ची सिंगल फेजवर ओढणारच नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (मोटरवर जादा भार आला की ती बंद करणारा) तीन पोलचा असतो. फेज दोन पोलमधून एकापाठोपाठ ओवा, न्यूट्रल तिसऱ्यातून न्या. एक पोल रिकामा राहिला तर फेज तुटल्यासारखं समजून रिले विनाकारण पडतो. सेटिंग नेमप्लेटच्या ११ वर. लाल बटण मशीनवर, उभं राहता हाताला लागेल असं.

प्रश्न (लाकूडकाम):
तीन फेजची जुनी करवत स्वस्तात मिळतेय. चालेल?

उत्तर (पॅनेलवाला):
नेमप्लेट बघा. ४१५ व्होल्ट स्टार (स्टार आणि डेल्टा या मोटरची वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) असेल आणि वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर असतील, तर डेल्टात जोडून २३० व्होल्ट इनपुटच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजपासून तीन फेज बनवणारा ड्राइव्ह) चालते. ४१५ डेल्टा असेल तर नको, पूर्ण ताकद मिळणार नाही. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर लावू नका. स्टार्ट-स्टॉप व्हीएफडीच्या टर्मिनलवरूनच.